गाणारी किटली

जपानातल्या एका डोंगराळ गावी सायो नावाची म्हातारी राहायची. तिचा नवरा चहाविधीचा मोठा गुरू. पाणी तापलं की त्याची लोखंडी किटली गुणगुणायची, पाइनच्या बनातून वारा जावा तशी, आणि पाहुणे डोळे मिटून ऐकत राहायचे. तो वारला आणि सरदार इवाकीने ती किटली उचलून गढीत नेली.

तीन वर्षांनी सायोला बोलावणं आलं. भरल्या दरबारात सरदार गरजला, "म्हातारे, किटली बदललीस! ही तर मुकी आहे. आत्ता गायली नाही, तर तुझं डोकं धडावर राहणार नाही!" खुशमस्कऱ्यांनी एकच गलका केला.

सायो म्हणाली, "गाईल की! फक्त पाणी उकळेपर्यंत कुणी बोलायचं नाही. सरकार, आपणसुद्धा."

तिने किटलीत पाणी भरून ती शेगडीवर ठेवली. दरबार गप्प झाला. हळूहळू किटली गुणगुणू लागली. सायोचे डोळे भरून आले. तिला वाटलं, नवरा शेजारीच बसलाय.

सरदार ओशाळला. "म्हणजे ही रोज गात होती?"

"रोज, सरकार. इथे गाणं होतं, पण शांतता नव्हती. माझ्या घरी तीन वर्षं नुसती शांतताच आहे."

किटली निवेपर्यंत सरदार काही बोलला नाही. मग त्याने ती स्वतः उचलून तिच्या हाती दिली.