बिनवजनाचा राजा आणि मुरांब्याची बरणी

एका राज्यात एक राजा होता आणि त्याला वजन नव्हते. पूर्वी होते, चांगले भरदार होते. पण वर्षावर्षाने ते उतरत गेले आणि आता त्याचे पाय जमिनीला टेकत नसत. सिंहासनावर बसला की सेवक त्याला शेल्याने बांधून ठेवीत. फिरायला निघाला की अंगरख्याच्या खिशांत नदीतले गोटे भरीत. दरबाराला याची सवय झाली होती. दरबाराला कशाचीही सवय होते.

राजाचे नाव धवलसेन, राणीचे हेमावळ. हेमावळ डोंगरावरच्या एका लहानशा गढीतून आलेली. तिथे पाणीसुद्धा खालून डोक्यावर आणावे लागे, म्हणून तांदळाचे धुवण तुळशीला आणि ताकाचे भांडे विसळलेले पाणी भाकरीच्या पिठात, असा तिच्या माहेरचा शिरस्ता होता. सासरी तिला सगळे मिळाले, पण नवऱ्याच्या पावलांचा आवाज काही मिळाला नाही. तो मागे येऊन उभा राही आणि ती दचके. आपल्या माणसाचे पाऊल ओळखीचे असावे, एवढेच तिला हवे होते. त्यात आषाढ तोंडावर आला होता. त्या राज्यात आषाढात असा वारा सुटे की छपरांची कौले उडत. कौले जिथे टिकत नाहीत, तिथे राजा काय टिकणार?

एके सकाळी खिडकीत साळुंकी येऊन बसली.

"राणी," साळुंकी म्हणाली, "राजाचे वजन मोरीतून वाहून जाते. मोरीच्या तोंडाशी जा."

राणी राजवाड्याच्या मागे गेली. मोरीच्या तोंडाशी काळकुंभ नावाचा मांत्रिक दगडावर बसला होता. दाढी गुडघ्यापर्यंत, डोळे दमलेले.

"महाराजांचे वजन आपण नेलेत?" राणीने विचारले.

"मी नेले नाही. तुम्ही टाकले. राजाच्या आजोबांच्या पंगतीला मी उपाशी आलो होतो. काही उरले नाही म्हणाले, आणि इथे टोपल्या भरभरून भात ओतत होते. मी शाप दिला. या वाड्यात जे वाया जाईल, त्याच्यासोबत गादीवरच्या राजाचे वजन जाईल."

"आणि उःशाप?"

"तीन गळत्या बुजव. एक चुलीपाशी, दुसरी दिव्यापाशी. तिसरी तुझी तू शोध."

राणीने पदर खोचला आणि ती थेट मुदपाकखान्यात गेली. मुख्य बल्लव सोमाजी हा मोठा मानी माणूस. आजोबांच्या काळापासून जेवढ्या हंड्या चढत, तेवढ्याच तो रोज चढवी. जेवायला किती माणसे आहेत, हे विचारणे त्याला कमीपणाचे वाटे.

"आजपासून पाने किती ते विचारा, मग तांदूळ घ्या," राणी म्हणाली. "उरलाच तर सकाळी फोडणीचा भात करा. दोडक्याच्या शिरा फेकू नका, तीळ घालून चटणी करा."

"राणीसाहेब, राजाच्या पानात शिरांची चटणी वाढू? लोक काय म्हणतील?"

"आधी महाराज काय म्हणतात ते बघू."

महाराजांनी चटणी दोनदा मागितली. सोमाजी दिवसभर गाल फुगवून होता, पण संध्याकाळी त्यानेच दुधी मागवला आणि सालेही जपून ठेवली. पंधरवड्यात राजाच्या खिशातले गोटे निम्मे काढावे लागले, कारण आता त्यांचा भार होऊ लागला होता.

दुसरी गळती दिव्यांची. म्हातारी चिमाई रोज तिन्हीसांजेला सगळ्या महालांत समया लावी. ज्या महालांत माणसे नव्हती, तिथेही लावी.

"चिमाई, या दालनात कोण बसते?"

"कोणी नाही, बाईसाहेब. पण रीत आहे."

"देवापाशी दिवा राहू दे, माणसांपाशी राहू दे. बाकीच्या ठिकाणी जो जाईल तो हातात निरांजन घेऊन जाईल."

चिमाईला हे फार आवडले. तिचे गुडघे दुखत होते आणि इतक्या वर्षांत ते कोणी विचारलेच नव्हते. तेलाचे बुधले भरलेले राहू लागले. सिंहासनावरचा शेला सुटला. राजा आता मोकळा चालू लागला, पण टाचा तेवढ्या अधांतरी. पावलांचा आवाज अजून नव्हता.

आता उरली तिसरी गळती, आणि इथे आपली राणी घसरली. गळती सापडेना, तेव्हा तिने सगळेच आवळायला घेतले. वरण पातळ केले. मीठ मोजून दिले, निरांजनांचे तेल तोडले. गुळाच्या ढेपा आणि तुपाची गाडगी कोठीत घालून कुलूप लावले, किल्ली कमरेला. सोमाजी पुन्हा गाल फुगवून बसला, चिमाई अंधारात ठेचकाळली. आणि राजा पुन्हा वर जाऊ लागला. एक वीत, एक हात, दोन हात. राणीने घाबरून कोठी उघडली तर गुळाला मुंग्या लागलेल्या आणि तूप खवट झालेले. राखलेलेही वाया जाते, हे तिला त्या खवट वासाने सांगितले.

त्याच संध्याकाळी वारा सुटला. दारे बंद करीपर्यंत राजा छताच्या तुळईला जाऊन टेकला होता.

"हेमावळ," तो वरून म्हणाला, "खिडकी नीट लाव. आणि रडू नकोस."

पण ती रडत होती. राखून ठेवलेले आणखी काय आहे, ते तिला आठवले होते. तिने आपली लग्नातली पेटी उघडली. आईने दिलेला शालू घडीच्या घडी पडून होता, त्याला कसर लागली होती. अत्तराची कुपी बंदच्या बंद सुकली होती. आणि तळाशी आईच्या हातच्या आवळ्याच्या मुरांब्याची बरणी. "चांगल्या दिवशी उघड," आई म्हणाली होती. आई नंतर राहिली नाही आणि बरणी अधिकच अनमोल झाली. महाराज बरे होतील तो चांगला दिवस, असे धरून राणीने फडक्याची गाठ कधी सोडली नव्हती.

तिने कसर लागलेला शालू नेसला. बरणीचे फडके सोडून दट्ट्या काढला. वर साखर धरली होती, पण खाली पाक अजून सोनेरी होता. शिडीवर चढून तिने चमचा वर धरला. राजाने वरून मान वाकवली आणि खाल्ले.

"आज कोणता सण?" त्याने विचारले.

"कोणताच नाही. आज आहे, एवढेच."

तिने सोमाजीला दिला, चिमाईला दिला, स्वतः खाल्ला. आईच्या हाताची ती चव जिभेवर आली आणि तिला हसू व रडू एकदम आले. मग वाटीभर मुरांबा घेऊन, वाऱ्यात पदर सांभाळीत, ती मोरीपाशी गेली. काळकुंभाने वाटी दोन्ही हातांनी घेतली आणि बोटाने पुसून स्वच्छ केली.

"मी त्या दिवशी एवढेच मागितले होते," तो म्हणाला. काठी उचलून तो निघून गेला आणि परत कधी दिसला नाही.

राणी रिकामी वाटी घेऊन परतली. अंगणात वारा घोंघावत होता. तेवढ्यात तिला मागे आवाज आला. फरशीवर टाच, मग चवडा. उजवे पाऊल जरा जड. ती दचकली नाही. न वळताच म्हणाली, "या. बरणीत अजून थोडा आहे."