दारावरची दोन नावं

"बापाची सगळी सनई पुसून टाकली म्हणे हिनं, आणि वर..."

दूध डेअरीच्या कट्ट्यावर सुमनकाकूंचं वाक्य तिथंच अडकलं, कारण समोरून खुद्द तेजश्री गुरवच येत होती. स्कूटीच्या पुढ्यात, पायापाशी, चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटरचा डबा.

अर्ध्या वाक्याचं शेपूट तिला ऐकू आलं नाही. तोंड मात्र नीट ऐकू आलं. स्कूटी न थांबवता तिनं थेट शिकलगार मास्तरांच्या दाराशी नेली.

मास्तर म्हणजे आयटीआयमधून निवृत्त झालेले रेडिओ-टीव्हीचे शिक्षक. शाळेच्या सुट्ट्यांत तेजू त्यांच्याच टेबलाशी बसून सोल्डरिंगचे डाग द्यायला शिकली, मशीन उघडायला शिकली. पुण्यात नोकरी लागल्यापासून मात्र तीच त्यांना सल्ले द्यायला लागली होती. मास्तर ऐकून घ्यायचे.

तिनं डबा टेबलावर ठेवला.

"मास्तर, एका मशीनवर दोन ऑपरेटिंग सिस्टीम बसतात ना?"

"बसतात."

"मग मी बसवल्यावर एकच का राहिली?"

"आधी तू बस. मग मशीनचं बघू."

ती बसली आणि सांगत सुटली. जुनी सिस्टीम मास्तरांनीच नऊ वर्षांपूर्वी बसवून दिलेली. तिचे वडील, नाना, महादेवाच्या देवळात सनई वाजवायचे आणि घरी येऊन त्याच मशीनवर रोज थोडी रेकॉर्ड करून ठेवायचे. या जानेवारीत पुढचे दात गेले, कवळी आली, फुंक निसटायला लागली. देवळातलं वाजवणं थांबलं. उरलं ते सगळं या डब्यात.

तेजू पंधरा दिवसांसाठी घरी आली आणि तिचा लॅपटॉप बंद पडला. ऑफिसचं काम नानांच्या जुन्या सिस्टीमवर चालेना. म्हणून त्याच मशीनवर तिनं दुसरी बसवली. 'नाना, डाव्या हाताचा मळ आहे हा,' असंही म्हणाली होती. बसवून झालं, मशीन सुरू केलं, आणि ते सरळ नवीनच उघडलं. जुनी कुठंच दिसेना.

"मग?"

"मग शोधलं. नवी म्हणते, डिस्कच्या त्या भागात काहीच नाही. म्हणून नानांना सांगितलं... गेलं म्हणून."

"काय म्हणाले?"

"असू दे म्हणाले. जेवून घे म्हणाले."

मास्तरांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला.

"कधीची गोष्ट?"

"सोमवारची."

"आज शुक्रवार. चार दिवस कुठं होतीस?"

तेजूनं चादरीची गाठ सोडायला घेतली. चार दिवस ती याच दारावरून भाजीला जात होती. आत येऊन 'मला जमलं नाही' एवढंच म्हणायचं होतं. तेवढंच जमलं नव्हतं.

"ऊठ," मास्तर म्हणाले. "बाहेर जा. दारावर काय लिहिलंय ते वाचून ये."

"मास्तर, ते मला पाठ आहे..."

"वाचून ये."

ती गेली, आली.

"रसूल शिकलगार."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

"गेल्या महिन्यात रंगाऱ्याला म्हटलं, दोघा भावांच्या नावांची पाटी नवी करून दे. समोर मी उभा, त्यानं माझंच नाव लिहिलं. परवा कुरिअरवाला दारातून परत गेला. म्हणे, याकूब शिकलगार इथं राहत नाहीत."

मास्तरांनी छताकडं मान केली आणि हाक मारली. "याकूब!"

माडीवरून धाकट्या भावाचा आवाज आला, "चहा टाकलाय भाई! बोंबलू नका."

तेजू खुदकन हसली. आणि हसता हसता थांबली.

"म्हणजे... नवीनं फक्त दारावरचं नाव पुसलं? घर आहे तसंच आहे?"

"मी माझ्या पाटीचं सांगितलं. मशीनचं तू सांग."

"पण ती रिकामं दाखवतेय, मास्तर!"

"तिला जुनीची भाषा येते?"

"...नाही."

"मग? न कळलेल्याला तीही रिकामंच म्हणणार."

तेजूनं 'तीही'मधला चिमटा ओळखला. पर्समधून पेनड्राइव्ह काढला आणि कामाला लागली. मास्तरांनी हात पाठीशी बांधले आणि शेवटपर्यंत सोडले नाहीत. एकदा ती चुकली, तरी नाहीत. याकूबचाचा चहा ठेवून गेले, त्यावर साय धरली.

अर्ध्या तासानं काळ्या पडद्यावर दोन सिस्टीमच्या नावांच्या दोन ओळी आल्या. वर नवी, खाली जुनी. कोपऱ्यात आकडे उलटे चालले होते... दहा, नऊ, आठ...

"आली!" ती ओरडली. "दहा सेकंदांत हवी ती निवडायची, बस्स."

"नानांना चष्मा सापडायलाच दोन मिनिटं लागतात."

तिनं परत बटणं दाबली. नानांची वर घेतली, आपली खाली. आता काहीच न दाबता नानांचंच उघडणार होतं.

आत नऊ वर्षं जशीच्या तशी. तिनं त्यातलं एक रेकॉर्डिंग लावलं. सकाळचा भैरव, लांब, शांत, मधेच देवळातल्या घंटेसारखं काहीतरी. मास्तरांनी डोळे मिटले. तेजूनं ओढणीनं नाक पुसलं.

मग तिनं तारखा बघितल्या. जानेवारीपर्यंत होतं. पुढं काहीच नव्हतं. नानांनी तर अगदी गेल्या आठवड्यापर्यंत माईक लावलेला तिनं पाहिला होता.

"मास्तर... नवीला जागा पाहिजे होती. डिस्कचा शेवटचा एक छोटा भाग होता, त्यात जेमतेम काहीतरी दिसलं. उघडून नाही बघितलं. तो मी पुसून टाकला. पुढची सनई त्यातच असणार."

"हं."

"तो मिळेल?"

"त्याच्यावर आता तुझं ऑफिस बसलंय, पोरी."

तिनं तारखांची यादी पुन्हा एकदा वरखाली केली.

"जाऊ दे," ती घाईनं म्हणाली. "ती कवळीनंतरचीच असणार. नुसती हवा. फुस्स फुस्स... चांगली ती सगळी राहिली की!"

मास्तरांनी कप खाली ठेवला.

"नाना ही चांगली कधी लावून ऐकायचे?"

तेजूनं आठवून पाहिलं. "...नाही. कधीच नाही."

"मग कानाला लावून काय ऐकत बसायचे?"

तिला दिसलं. जेवणाआधी हेडफोन लावून पडद्याशी वाकलेले नाना. एक फुंक ऐकायची, मागं घ्यायची, पुन्हा ऐकायची. कवळी जिभेनं थोडी सरकवायची. सनई उचलायची. पुन्हा...

"ती फुसकीच," ती हळूच म्हणाली. "रोज."

"एकाहत्तराव्या वर्षी पहिलीत बसलेत."

तेजूनं डोळे खाली घातले. डेअरीवरचं ते अर्धं वाक्य खोटंच ठरवून तिला परत जायचं होतं. सगळी सनई पुसली गेली नव्हती, हे खरं. गेली होती ती थोडीच. पण नाना ऐकायचे ती तेवढीच.

मास्तरांनी वायरी काढल्या, डबा चादरीत गुंडाळला, गाठ मारली. मारताना ती गाठ दोनदा सुटली, तरी तिनं मदत केली नाही. आज पहिल्यांदाच ती नुसती बघत थांबली.

"मास्तर, घरी जाऊन काय सांगू?"

"जे झालं ते."

"आणि मग?"

"मग संध्याकाळी नाना फुंकायला बसतील..."

"रेकॉर्ड करून ठेवू? नीट, वेगळ्या जागी?"

मास्तरांनी डबा तिच्या हातात दिला.

"समोर बस. हवा निसटली तरी उठू नकोस."