भिवराकाकीची रापण

फार वर्षांपूर्वीची, दर्यात रोज नवं बेट सापडायचं तेव्हाची ही गोष्ट. उगवतीला एक पातशाही होती आणि मावळतीला दुसरी. दोघींनी नकाशावर दोरा ताणला आणि ठरवलं, अलीकडचं तुझं, पलीकडचं माझं. बेटांवर माणसं राहतात हे दोघींनाही ठाऊक होतं बरं का, पण विचारतो कोण!

तो दोरा नेमका आमच्या खडवण बेटाच्या मधोमध पडला. घरं उगवतीकडे राहिली आणि गोड्या पाण्याचा एकुलता एक झरा मावळतीकडे. दोन्हीकडची गलबतं आली, कप्तान उतरले. उद्या हद्दीचे खुंट ठोकणार, मग पलीकडे पाणी भरायला जाईल त्याला गोळी, असं त्यांनी बजावलं. आता पाण्याशिवाय माणसं जगणार कशी, तुम्हीच सांगा.

बेटावर भिवराकाकी होती. रापणीतल्या मासळीचे वाटे ती घालायची. रापण म्हणजे लांबच लांब जाळं. ते होडीतून दर्यात सोडायचं आणि त्याची दोन टोकं दोन टोळ्यांनी किनाऱ्यावरून ओढायची. काकी दोघा कप्तानांपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "दोरयेक हात लावल्याशिवाय हयसर वाटो मिळाचो नाय, मासळीचो नाय नि बेटाचोय नाय. मगे तो राजा आसो नायतर खलाशी."

कप्तान हसले. पण दुसऱ्यानं आधी हात लावला आणि अख्खं बेट तोच घेऊन बसला तर? ही धास्ती दोघांनाही बसली. मग काय, रापण दर्यात सोडली, एका दोराला उगवतीचे खलाशी लागले आणि दुसऱ्याला मावळतीचे. हाताला फोड आले तरी कोणी सोडायला तयार नाही.

जाळं मात्र तसूभर हलेना. तळाशी कुठंतरी अडकलं असावं. काकीनं पदर खोचला. "मी जाळा बघून येतंय. तुमी थांबू नकात, ओढीत रवा," एवढं बोलून तिनं बुडी मारली.

तिनं जाळं सोडवलं नाही. असं म्हणतात, तिनं ते दर्याच्या तळाच्या खडकाला आणखी घट्ट बांधलं. वर हे ओढतायत, खाली जाळं हलत नाही, मग हलणार काय? बेटच हललं! घरांसकट, झऱ्यासकट, माडांसकट दर्यात सरकत गेलं. बेट कधी सरकतं का, असं मीही लहानपणी विचारलं होतं. तेव्हा म्हाताऱ्यांनी मला खडवणचे खडक दाखवले. सगळ्यांवर एकाच दिशेनं घासल्याचे ओरखडे आहेत.

तीन दिवसांनी कप्तानांनी मोजणी केली, तर दोऱ्याखाली नुसतं पाणी. आम्हीच बेट ओढून नेलं, हे पातशहाला कोण सांगणार? दोघांनी गुपचूप एकच लिहून दिलं, की त्या जागी बेट नाही. आणि दोघेही निघून गेले. त्या दिवसापासून खडवण कुणाच्याच नकाशात नाही, असं म्हणतात.

झरा सगळ्यांचा राहिला. भिवराकाकी मात्र वर आली नाही. किती हाका मारल्या, बायका गळाभर पाण्यात उतरल्या, पण नाही.

म्हणून आजही खडवणला रापण ओढण्याआधी सगळे दोर धरून उभे राहतात आणि श्वास रोखतात. म्हातारे, पोरंटोरं, वाटेवरचा पाहुणासुद्धा. छाती फुटायला आली, की एकेक जण श्वास सोडतो. सगळ्यांचा सोडून झाला तरी ओढायला लगेच कोणी सुरुवात करत नाही. थोडा वेळ सगळे पाण्याकडे बघत राहतात.