ऐकून पाखरं ओळखणारी वेणू

शहराच्या ऐन मधोमध एक बाग होती. बागेत आई झाडलोट करायची आणि तिची वेणू बाकावर बसून पाखरं ऐकायची. हो, ऐकायची! बघणार कशी? बिचारीला चार हातांपलीकडचं सगळं धूसर दिसायचं. झाड म्हणजे हिरवा गोळा, माणूस म्हणजे हलता ठिपका. "हिला चष्मा लागेल," शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या. पण घरात चूलच कशीबशी पेटायची, चष्मा कुठून आणायचा?

वसंतातली कोवळी सकाळ होती. काटेसावर लालेलाल फुलली होती. गळ्यात दुर्बिणी अडकवून पक्षी बघणारी मंडळी आली. "अहाहा, हळद्या! काय पिवळाधमक आहे!" वेणूनं डोळे ताणताण ताणले. दिसला का? छे! तिला रडूच आलं.

तेवढ्यात टप्! सावरीचं एक फूल तिच्या पुढ्यात पडलं. फुलात होती एक अंगठ्याएवढी, इवलीशी परी, मधानं नखशिखांत बरबटलेली!

"मेल्या साळुंक्यांनी ढकललं मला!" परी फुरंगटून म्हणाली. "माझे पंख चिकटले गं."

वेणूनं फ्रॉकच्या टोकानं पिटुकले पंख हळूहळू पुसले. गुलाबी, सोनेरी, मोरपंखी... कसे लखलखले!

"गुणाची गं बाई तू! माग, काय हवं ते माग. पण नियम ऐक हं. इच्छा एकच. ती एका दमात बोलायची. आणि बोललीस की बदलता येत नाही."

वेणू हरखली. काय मागायचं ते ठरलेलंच होतं. तिनं मोठा श्वास घेतला आणि थबकली. शेजारच्या आंब्यावरून अगदी बारीक चिवचिव येत होती. तिथेच धोंडीमामा माळी "ही वाळकी फांदी कापून टाकतो" म्हणत शिडीवर चढत होते.

"मामा, थांबा! फांदीच्या पोटात तांबट पक्ष्याची पिल्लं आहेत!"

एका काकांनी दुर्बीण लावली. "काहीच दिसत नाही गं, बाळ."

"बघू नका, ऐका ना!"

पण ऐकतंय कोण! करवत खर्रर्र सुरू झाली.

डोळे मागू की पिल्लं? वेणू एका दमात ओरडली, "ती फांदी हिरवी होऊ दे!"

आणि काय सांगू! वाळक्या फांदीवर सर्रकन तांबूस, लुसलुशीत पालवी फुटली. "अरे देवा!" मामा करवत सावरत खाली उतरले. "हिरव्या फांदीला मी नाही हात लावायचा!" लगेच तांबटीण चोचीत उंबर घेऊन आली आणि फांदीच्या पलीकडच्या अंगाला असलेल्या ढोलीत शिरली.

"वेडाबाई!" परी म्हणाली. "आता दुसरी इच्छा मिळायची नाही. नियम म्हणजे नियम."

"असू दे," वेणू हुंदका गिळत म्हणाली. "पिल्लं वाचली ना!"

परीनं बोटावरचा मध चाटला. "वर्षाला एक इच्छा माझीही असते गं. दरवर्षी मी मधच मागते. एक वर्ष नाही मिळाला तर काय बिघडलं?"

तिनं वेणूच्या पापण्यांवर हळूच फुंकर घातली. सोनेरी, चमचमता उजेड पसरला आणि त्या उजेडात परी दिसेनाशी झाली.

वेणूनं डोळे उघडले. अगं बाई! झाडाला अशी सुटी सुटी पानं असतात? तो पिवळाधमक हळद्याच की! आणि पार तिकडे, फाटकापाशी, खराटा बगलेत धरून आई तिला हात हलवत होती.

वेणू धावत सुटली. "आई! तू मला हात हलवत होतीस!"

"रोजच हलवते गं," आई म्हणाली. "तुला दिसत नाही म्हणून काय झालं?"