एकदा की दोनदा

गावात घड्याळं यायची होती, तेव्हाची गोष्ट. चर्चमागच्या खुराड्यात तुरेबा कोंबडा राहायचा. संत पेत्रानं भीतीपोटी प्रभू येशूला 'मी ओळखत नाही' म्हणून नाकारलं, तेव्हा आपल्याच कुळातला कोंबडा आरवला आणि पेत्राला रडू फुटलं, याचा त्याला फार आधार होता. त्याच भरवशावर तो रोज पहाटे आरवायचा.

एकदा फादरांचा पोपट म्हणाला, "तुरेबा, मी फादरांचं बायबल ऐकलंय. पेत्र रडतो खरा, पण ही गोष्ट सांगणाऱ्यांपैकी एकाचा कोंबडा एकदा आरवतो, दुसऱ्याचा दोनदा. मग तुमचं कूळ खरं कसं म्हणायचं?"

तुरेबा रात्रभर मोजत बसला, एकदा की दोनदा. दुसऱ्या दिवशी उजाडलं तरी तो गप्पच. गाव घोरत राहिलं, फादरसुद्धा. सकाळच्या प्रार्थनेची, मिस्सेची घंटा काही वाजेना.

"घसा बसला का?" कवडी कोंबडीनं विचारलं.

"तसं नाही गं. एकदा आरवू की दोनदा?"

"अहो, पेत्र रडला ना?"

"रडला. ते पोपटही म्हणतो."

"मग आरवा की. मला अंड्यावर बसायचंय."

तुरेबा असा आरवला, की पोपट दांडीवरून खाली पडला.

"किती वेळा आरवलात?" पिसं झाडत त्यानं विचारलं.

"मोजलं नाही बाबा," तुरेबा म्हणाला. "तू जागा झालास ना?"

तेवढ्यात घंटा वाजली.