शेवटच्या शेताची पहिली पाळी

आज गोष्टी सांगणाऱ्यांचे खापरपणजोबाही जन्मले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. वीस वर्षे राजाच्या फौजेत काढून एक जुमलेदार आपल्या गावी परत आला. जुमलेदार म्हणजे शंभर शिपायांचा नायक. त्याच्या मिशा पिकल्या होत्या, गुडघे कुरकुरत होते, पण आवाज असा की हाक मारली तर झाडावरचे पोपट उडून जावेत.

गावाजवळच्या नदीवर एक बंधारा होता. त्यातून निघालेला पाट कोसभर शेतांमधून वाहत जाई. ज्याची पाळी असेल तो पाणी आपल्या शेतात वळवून घेई. पाटाच्या तोंडाशी शेत असलेल्यांची पाळी आधी आणि शेपटाकडच्यांची शेवटी, अशी वहिवाटच पडली होती. तोंडाकडचे लोक आपले शेत भिजले की फावडे खांद्यावर टाकून घरी जात. पुढे पाटात गवत माजो की खेकड्यांच्या बिळांतून पाणी गळो, त्यांना त्याचे काय! शेपटाला पोचता पोचता पाण्याची नुसती ओल उरे.

त्या वर्षी बंधाऱ्यात पाणी बेताचेच होते आणि गहू ओंबीवर आला होता. शेपटाकडच्या वीस घरांनी सांगून टाकले, "यंदा पाणी मिळालं नाही, तर आम्ही गाव सोडून जाणार." तेव्हा मात्र सगळे हादरले. वीस घरे उठली तर गावात राहिले काय? त्यांनी पाटाचा कारभार जुमलेदाराच्या हाती दिला.

जुमलेदार खूश झाला. त्याने उजाडताच नगारा वाजवला, माणसे रांगेत उभी केली आणि हुकूम सोडला, "आजच्या आज अख्खा पाट साफ झाला पाहिजे!" माणसे "जी, जी" म्हणाली, तो बघत होता तोवर त्यांनी कामही केले आणि त्याची पाठ फिरताच लिंबाखाली जाऊन बसली. असे चार दिवस चालले. ज्याच्या एका शब्दावर शंभर तलवारी उपसल्या जात, त्याच्याने दहा फावडी हलेनात.

घरी भाकरी वाढता वाढता बायको म्हणाली, "अहो, हे गाव आहे, छावणी नव्हे. उद्या मलासुद्धा रांगेत उभं कराल!"

जुमलेदार हसला नाही. त्याला फार वाईट वाटले होते. फौजेत घालवलेली वीस वर्षे गावाच्या काही कामाची नाहीत, असे वाटून त्याला घास गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी शेपटाकडची एक म्हातारी त्याला आपले शेत दाखवायला घेऊन निघाली. सवयीप्रमाणे तो ताडताड चालू लागला. थोड्या वेळाने मागून हाक आली, "अरे जुमलेदारा, शेत माझं आणि मलाच मागं टाकून कुठं निघालास?"

जुमलेदार थबकला आणि त्याला आपली पहिली मोहीम आठवली. तेव्हा तो मिसरूडही न फुटलेला शिपाई होता. घाट चढताना त्याच्या पायांना फोड आले आणि तो तुकडीच्या खूप मागे राहिला. सरदाराने तुकडी थांबवली. आता शिव्या बसणार म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. पण सरदार म्हणाला, "आता तू सगळ्यांच्या पुढं चाल. बाकीचे तुझ्या मागून येतील." शरमेने त्याचा जीव अर्धा झाला. मागच्यांना तर त्याला टाकून जाता येईना. मग एकाने त्याचे ओझे घेतले, एकाने ढाल घेतली, एकाने खांदा दिला. दिवस मावळायच्या आत सगळी तुकडी गडावर पोचली. एकही माणूस वाटेत राहिला नाही.

"काकी, माझं चुकलं," जुमलेदार म्हणाला. "मी फौजेतून नुसता आवाज घेऊन आलो. शहाणपण तिथंच ठेवून आलो."

"ते मला काही कळत नाही बाबा," म्हातारी म्हणाली. "तू आपला हळू चाल."

त्याच दिवशी जुमलेदाराने गाव जमवले. "यंदा पाणी शेपटापासून. पहिली पाळी काकींच्या शेताची. शेवटची पाळी तोंडावरच्या शेताची, म्हणजे माझी."

एकच गलका उठला. "अहो, मग आमचा गहू वाळेल की!"

"वाटेत पाणी गळत राहिलं, तर नक्की वाळेल," जुमलेदार शांतपणे म्हणाला.

मग काय विचारता! खालचे शेत लवकर भिजले तरच आपली पाळी लवकर येणार, हे प्रत्येकाला उमगले. लिंबाखाली बसणारेच आता बिळे बुजवत पाटाच्या कडेने धावू लागले. कुणाला हाक मारावी लागली नाही. म्हातारीच्या शेतात आजवर कधी आले नव्हते इतके पाणी आले आणि ती पदराने डोळे पुसत वाफ्यात उभी राहिली. वीस घरांनी बांधायला घेतलेली गाठोडी सोडली.

पाणी एकेक शेत करत वर आले. जुमलेदाराचा गहू मात्र माना टाकू लागला. बायको चिडून म्हणाली, "सगळ्या गावाला पाणी पाजा आणि आपल्या हाती काय धुपाटणं?" पण दिलेला शब्द त्याने मोडला नाही. अखेर त्याची पाळी आली, तेव्हा बंधाऱ्यातले पाणी तळाला गेले होते. ते पाटात चढेना.

जुमलेदार शेताच्या बांधावर सुन्न बसून राहिला. एवढ्यात खालून माणसे येताना दिसली. शेपटाकडची वीसही घरे होती, बायकापोरांसकट, आणि ज्याच्या त्याच्या हातात घागर, हंडा, कळशी. बंधाऱ्यापासून त्याच्या शेतापर्यंत ती ओळीने उभी राहिली आणि भरलेल्या घागरी हातोहात पुढे सरकू लागल्या. त्यांची स्वतःची शेते भिजून आठ दिवस झाले होते.

"तुम्हाला कुणी बोलावलं?" जुमलेदार धडपडत उठून म्हणाला.

"बोलवायला कशाला पाहिजे?" म्हातारी म्हणाली. "तुझं शेत कोरडं असताना आम्ही घरी कसं बसायचं? धर ही घागर."

दोन वाफे वाळलेच, ते काही वाचले नाहीत. बाकीचा गहू मात्र असा टपोरा पिकला की जुमलेदारीण गावभर सांगत सुटली. पुढे जुमलेदार होता तोवर पाटाचा कारभार त्याच्याकडेच राहिला.

मुलांनो आणि मोठ्यांनो, या गोष्टीचा बोध एवढाच: सगळ्यांत दुबळ्याला जो आधी सांभाळतो, त्याच्यासाठी माणसे हुकमावाचून धावून येतात.