आडवा मोह

झाडं बोलायची आणि हत्यारं ऐकायची नाहीत, त्या काळातली ही गोष्ट. वादळात एक मोह आडवा झाला, माघात त्याची पानंही गळाली. कुऱ्हाड आणि कोयता सरपणाला निघाले. पडलेल्या झाडाची साल आधी कोयत्यानं खरवडायची, खाली हिरवं दिसलं तर मुकाट परत फिरायचं, अशी रीत होती.

"थांब गं, साल बघू दे," कोयता म्हणाला.

"बघतोस काय मेल्या? एक पान तरी आहे का अंगावर!"

"बाई, मी पडलोय, मेलो नाही," मोह म्हणाला. "निम्मी मुळं मातीत आहेत अजून."

"पडलेले सगळे असंच म्हणतात," म्हणत कुऱ्हाडीनं घाव घातला. पात्याला ओल लागली. तिला कळलं, पण थांबली नाही. चूक कबूल करायला जीभ जड होते, पोलादाची असली की जास्तच.

लाकडं पेटेनात, नुसता धूर. शेवटी ती कुडाशी रचून ठेवली. चैत्रात एका ओंडक्याला तांबूस पालवी फुटली. शेजारी टेकलेली कुऱ्हाड रोज बघायची. आठव्या दिवशी पालवी सुकली.

कोयता काहीच बोलला नाही. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं कुऱ्हाडीला अजून वाटतं.